२० हजारांत लिनक्सचा लॅपटॉप: आधी पेनड्राइव्ह, मग पैसे

"ताई, लॅपटॉप कुठला घेऊ? बजेट २० हजार. लिनक्स चाललं पाहिजे."

पाचोडला घरी गेले की एखादा तरी ज्युनिअर हे विचारतोच. फेलोशिप हातात पडायला वेळ लागतो. तोवर पैसे घरचे, म्हणजे मोसंबीच्या पट्टीतले. ते चुकीच्या मशीनमध्ये गेले तर पुढची दोन-तीन वर्षं त्याच्याशीच संसार करावा लागतो. मी केलाय. माझ्या पहिल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफायच दिसेना. पीएच.डी.चं पहिलं वर्ष फोन केबलने जोडून नेट वापरण्यात गेलं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लॅपटॉपकडून नेमकं काय हवंय?

संशोधनाला 'पॉवरफुल' मशीन लागतं, असं आपल्याला वाटतं. पण खरी जड गणितं आपण बहुतेक वेळा लॅपटॉपवर करतच नाही. रेणूंचं सिम्युलेशन असेल तर ते विभागाच्या सर्व्हरवर किंवा पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारख्या महासंगणकावर पाठवतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतली प्रत्येक मशीन लिनक्सवर चालते. लिनक्स शिकायचं ते यासाठी. लॅपटॉपवर आपण तिकडे काम पाठवतो, आलेल्या आकड्यांचे आलेख काढतो आणि प्रबंध लिहितो. त्यामुळे ताकदीपेक्षा तो लिनक्सशी जुळणं महत्त्वाचं.

जुळणं म्हणजे काय?

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. वायफाय, आवाज, टचपॅड अशा प्रत्येक भागाशी बोलायला त्याला ड्रायव्हर लागतो. काही कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर स्वतः लिहितात. काही लिहीत नाहीत, मग जगभरातले लोक त्या चिपचा अभ्यास करून तो लिहितात. याला वेळ जातो. म्हणूनच ऑफिसांमध्ये हजारोंनी वापरलेला, थोडा जुना लॅपटॉप लिनक्सवर पुष्कळदा नव्याकोऱ्यापेक्षा बरा चालतो. वायफाय आणि ग्राफिक्स दोन्ही इंटेलचं असेल तर सहसा वेगळं काही करावं लागत नाही. ब्रॉडकॉमचं वायफाय किंवा एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर ड्रायव्हरची खटपट आली. या बजेटमध्ये ती नकोच.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाहीत. लिनक्सला ते चालतात. तरी मी आठव्या पिढीचाच घ्या म्हणेन. सातव्या पिढीच्या आय७-७५००यू मध्ये दोनच कोअर आहेत, तर आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार. म्हणजे स्टिकरवरच्या 'आय७'ला भुलू नका, पुढचा आकडा वाचा.

वापरलेल्यांमध्ये मला थिंकपॅड टी४८० आवडतो. रॅमला दोन स्लॉट आहेत. बॅटऱ्याही दोन, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. गावाकडे लाइट गेली की याची किंमत कळते. कुठलाही घ्या, पण रॅम किमान ८ जीबी हवी, पुढे वाढवता यायला हवी आणि डिस्क एसएसडीच हवी.

पैसे देण्याआधी

मोसंबी घेणारा व्यापारी आधी फळ कापून बघतो, मग भाव बोलतो. तसंच करा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून दुकानात न्या आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करा. इन्स्टॉल केलं नाही तर आतल्या डिस्कला धक्का लागत नाही.

१. फोनच्या हॉटस्पॉटला वायफाय जोडून एक व्हिडिओ लावा. नेट, आवाज आणि स्क्रीन एकदमच तपासून होतं.

२. झाकण लावा, दोन मिनिटांनी उघडा. मशीन झोपेतून जागी झाली पाहिजे.

३. कॅमेरा, माइक, ब्लूटूथ, सगळे यूएसबी पोर्ट आणि कीबोर्डवरची प्रत्येक कळ वापरून बघा.

४. 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' उघडा. बॅटरी मुळात ५० वॉट-तासांची आणि आता पूर्ण चार्जला ३० दाखवत असेल, तर ६० टक्केच उरलीय. नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करायला सांगा.

५. 'डिस्क्स'मध्ये एसएसडीची तब्येत बघा.

६. बायोस उघडून बघा. ऑफिसातून आलेल्या मशीनवर कधी कधी जुना पासवर्ड तसाच राहिलेला असतो. तो असेल तर घेऊ नका.

हे सगळं अर्ध्या तासात होतं. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर वाद घालू नका, सरळ दुसऱ्या दुकानात जा. माझं एक वर्ष ज्या वायफायपायी गेलं, ते या यादीतल्या पहिल्याच पायरीवर कळलं असतं.