पाठदुखी, जड पाय आणि दारातलं कुत्रं

पाठ कुणाची दुखत नाही? कांद्याची खुरपणी असो की चाकणच्या कंपनीत दिवसभर उभं राहणं, संध्याकाळी पाठ धरतेच. त्या दुखण्याबद्दल आज बोलत नाही. पण पाठदुखीबरोबर पाय जड पडू लागले, चालताना चप्पल निसटू लागली, कमरेखाली बधिरपणा आला, लघवी अडू लागली किंवा नकळत होऊ लागली, तर मज्जारज्जूवर दाब पडतोय असं समजा. तेव्हा मालीश करत, पाठ चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायातली ताकद पूर्ण गेली की ती परत येईलच असं नसतं.

असा दाब बहुधा सरकलेल्या चकतीचा किंवा मणक्याच्या क्षयरोगाचा असतो. क्वचित मात्र मणक्यात पाण्याच्या गाठी निघतात. त्यांना हायडॅटिड म्हणतात. हा जंतांचा रोग आहे.

हा जंत कुत्र्याच्या आतड्यात राहतो, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर येतात. मेंढरू ते गवत खातं आणि त्याच्या कलेजीत, फुफ्फुसात पाण्याच्या पिशव्या होतात. जत्रेला जनावर कापलं की अशी खराब कलेजी आपण कुत्र्यापुढे टाकतो. झालं, चक्र पुरं! यात मेंढपाळांना बोल लावू नका. कलेजी टाकणारे हात आपलेही असतात.

आणि मटण खाल्ल्याने हा रोग होत नाही. जंताची अंडी तोंडावाटे पोटात गेल्याने होतो, म्हणून आळंदीच्या माळकरी घरातही होऊ शकतो. गाठी बहुतेक वेळा यकृतात किंवा फुफ्फुसात होतात, हाडात फार थोड्यांना. पण हाडात गेल्या की निम्म्या वेळा जागा मणक्याचीच असते. त्या वर्षानुवर्षं हळू वाढतात, म्हणून उशिरा कळतात.

निदानाला एमआरआय लागतो. रक्ततपासणी कधी कधी निर्दोष येते, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. क्षयरोग समजून औषध चालू असेल आणि पाय सुधारत नसतील, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. हायडॅटिडची शंका असेल तर गाठीत घाईने सुई घालत नाहीत. पाणी सांडलं तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते, गाठी पसरूही शकतात. त्या शस्त्रक्रियेने, जपून काढतात. पुढे अल्बेंडाझोल काही महिने चालतं, जेवणाबरोबर, अधूनमधून रक्त तपासत. गरोदर असाल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी सांगा. गाठी परत येतात, म्हणून कित्येक वर्षं तपासणीला जावं लागतं.

शाळेत 10 फेब्रुवारीला मुलांना देतात तीच ही गोळी. पण त्या एका गोळीने ही गाठ जात नाही.

आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, तिथून ससूनला पाठवतील. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे आरोग्यमित्राला विचारा.

कापलेल्या जनावराची खराब कलेजी-फुफ्फुसं खोल पुरा किंवा जाळा. मेथी-कोथिंबीर वाहत्या पाण्यात धुवा. कुत्र्याला हात लावलेल्या लेकरांचे हात साबणाने धुवा. कुत्र्याला प्राझिक्वान्टेल द्यायचं असतं. किती दिवसांनी, ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गटातल्या चौघींनी मिळून गल्लीतली सगळी कुत्री एकाच दिवशी नेली तर काम लवकर उरकतं.