झाड पाडण्याचा उक्ता भाव

लासलगावात चाळीसेक वर्षांपूर्वी दारातला कडुनिंब पाडायचा ठरला, की वखारवाला स्वतः यायचा, बुंध्याभोवती दोरी फिरवून बघायचा आणि घरमालकाच्या हातावर पैसे ठेवून जायचा. माणसं त्याची, करवत त्याची, बैलगाडी त्याची. डहाळ्या तेवढ्या घरच्या चुलीला राहायच्या. आज तोच कडुनिंब पाडायचा तर पैसे घरमालक मोजतो आणि लाकूड बहुतेक वेळा तोडणाराच भरून नेतो. मधल्या काळात पैशांची दिशा पूर्ण फिरली. म्हणून गेटवर उभं राहून सांगितलेला आकडा ऐकला की जुन्या पिढीला तो लुटीसारखा वाटतो, आणि नव्या पिढीला तो वाजवी की अवाजवी हे कळायला काही आधारच नसतो.

हा बदल समजायचा तर आधी लाकडाला गिऱ्हाईक कोण होतं ते बघावं लागतं. बाभूळ औताला, जुवाला आणि गाडीच्या चाकाला जायची. आंब्याच्या फळ्यांची खोकी व्हायची. कडुनिंबाच्या तुळया आणि चौकटी निघायच्या, कांद्याच्या चाळीला मेढी लागायच्या. वाकडंतिकडं उरेल ते जळण, आणि जळणाला तर अंत नव्हता: हॉटेलची भट्टी, बेकरी, वीटभट्टी, गुऱ्हाळ, स्मशान. मग एकेक गिऱ्हाईक सुटत गेलं. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, लाकडी खोक्याच्या जागी पुठ्ठा आणि प्लास्टिकचे क्रेट आले, चाळींना लोखंडी अँगल लागले. 1982 मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि त्या दशकात बांधाबांधावर सुबाभूळ आणि नीलगिरी उभी राहिली. सरळसोट, एकाच जाडीचं, ट्रकभर मिळणारं लाकूड. दारातलं एकुलतं एक गाठाळ झाड त्यापुढे कोण विकत घेणार? घरातली चूल गॅसवर गेली, आणि 2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना आल्यावर वस्त्यांवरही सिलिंडर पोचले. सरपण पुरतं संपलं नाही, पण त्याचा भाव बसला.

दुसरा बदल घरांचा. वाडे मोडून कॉलन्या झाल्या, प्लॉट पडले, आणि प्रत्येकाने हौसेने कंपाउंडच्या भिंतीला लागून झाड लावलं. गुलमोहर, सोनमोहर, अशोक, नारळ. लावताना रोप वीतभर होतं, तेव्हा भिंतीपासून चार फूट म्हणजे पुष्कळ वाटले. तीस वर्षांनी त्याच्या एका बाजूला शेजाऱ्याचा पत्रा, दुसऱ्या बाजूला महावितरणची तार, खाली सेप्टिक टँक. शेतातलं झाड पाडतात. कॉलनीतलं झाड उतरवावं लागतं. भावातला मोठा फरक इथून सुरू होतो.

उतरवणं म्हणजे काय ते एकदा खाली उभं राहून पाहावं. एक जण कमरेला दोर बांधून वर चढतो. मोठ्या फांदीच्या बेचक्यातून जाड दोर ओवून त्याचं एक टोक तोडायच्या फांदीला आणि दुसरं खालच्या दोघांच्या हातात, बुंध्याला दोन वेढे देऊन. आधी फांदीच्या खालच्या अंगाला थोडी खाच, मग वरून काप. खाच दिली नाही तर फांदी सालीसकट बुंधा ओरबाडत येते. फांदी सुटली की क्षणभर दोर ताणतो, वेढे करकरतात आणि दोघं ती हळूहळू खाली सोडतात. चार फूट घेराचा बुंधा घ्या. त्याचा दहा फुटांचा ओंडका ओला असताना तीनशे किलोच्या वर भरतो. म्हणून तो दोन-दोन फुटांच्या तुकड्यांत उतरवायचा, आणि तसा एक तुकडाही साठ-सत्तर किलोंचा असतो. पत्र्यावर तो सुटला तर पत्रा राहत नाही.

हे काम पूर्वी आडव्या करवतीने आणि कुऱ्हाडीने दोन दिवस चालायचं. पेट्रोलवरचं कटर मशीन आलं तसं तेच काम तीन-चार तासांत होऊ लागलं. घरमालकाची तक्रार तेव्हापासूनची: 'काय भाऊ, सकाळच्या सकाळी उरकलं, अन् एवढे पैसे?' तक्रार मला पटत नाही. मशीनने कापण्याचा वेळ वाचला. चढणं, बांधणं, सोडणं होतं तिथेच आहे. शिवाय मशीन, त्याची साखळी, पेट्रोल आणि ऑइल त्याच आकड्यात आलं. भारनियमनाच्या वर्षांत एक सोय होती. लाईट जायची वेळ ठरलेली, त्या तासांत तारेजवळच्या फांद्या उतरवून घ्यायच्या. आज तार बंद करून घ्यायला अर्ज आणि पाठपुरावा करावा लागतो. भारनियमनाची कुणाला आठवण येईल तर ती एवढ्यापुरतीच.

भाव चढतो तो मोसमानेही, आणि लासलगावात मोसम कांदा ठरवतो. मार्चपासून मेपर्यंत उन्हाळ कांद्याची काढणी, मग चाळी भरणं. द्राक्षाची छाटणी एप्रिलला एक आणि ऑक्टोबरला एक. हात रिकामे नसतात. नेमकं मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की घरमालकाला झुकलेला गुलमोहर दिसतो आणि तो मोबाईल काढतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळून नाशिक जिल्ह्याकडे सरकलं, तेव्हाचं तर विचारूच नका. टाळेबंदी, पाऊस आणि पडझड एकाच वेळी. घाईच्या गिऱ्हाइकाला जास्त भाव पडतो हे कांदा विकणाऱ्या गावाला वेगळं सांगायला नको.

इथवर मी तोडणाऱ्याच्या बाजूने बोललो. लाकडाचा हिशेब मात्र तसा सरळ नाही. वखारीत लाकूड मोजायची जुनी पद्धत चौथाई घेराची. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. चार फूट घेर, दहा फूट लांबी, म्हणजे दहा घनफूट. भूमितीने मोजलं तर त्याच ओंडक्यात जवळजवळ पावणेतेरा घनफूट लाकूड निघतं. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाच्या 1736 च्या कोष्टकांपासून ही पद्धत रूढ झाली, आणि साल, ढलप्या, भुसा यांत जाणारी तूट त्यात धरली आहे असं तिचं समर्थन केलं जातं. कापीव लाकडाला ते ठीकच आहे. जळणाला विकायच्या ओंडक्यात साल वाया जात नाही आणि ढलपीही जळते, मग तूट कसली? बरं, हे मोजणं निदान एक मोजणं तरी होतं. आजच्या उक्त्या कामात ओंडक्याला कोणी टेपही लावत नाही. 'लाकूड आमचं, काका, म्हणून तर कमीत करतोय,' एवढ्यावर विषय मिटतो. किती कमीत, ते त्यालाच ठाऊक.

दुसरी धूसर जागा परवानगीची. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम 1964 चा. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, चंदन अशी सोळा झाडं आहेत. ती खासगी जागेतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. दंड वर्षानुवर्षं हजार रुपयांपर्यंत होता. 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो पन्नास हजारांवर नेण्याचा निर्णय घेतला आणि गावोगावी धसका बसला. शहरांचा कायदा वेगळा, 1975 चा. त्यात 2021 ला दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. लासलगावचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचा, त्यामुळे इथला प्रश्न मुख्यतः अनुसूचीचा. पण नाशिकच्या मेहुण्याने महापालिकेत मारलेल्या खेट्या ऐकून इथला माणूस गुलमोहरासाठीही घाबरलेला असतो. गुलमोहर त्या सोळांत नाही, अशोक नाही, नारळही नाही. 'परवानगीचं आम्ही बघतो' या वाक्याचे पैसे त्याच्याकडून तरीही घेतले जातात. दारात आंबा किंवा चिंच असेल तर परवानगी खरीच लागते, आणि ती अर्ज करून स्वतः काढलेली बरी.

गंमत अशी, की भाव उघड्यावर ठरवण्यात या गावाचा हात धरणारं गाव नाही. 1947 ची बाजार समिती, ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावात सगळ्यांच्या कानावर पडेल असा पुकारलेला भाव, आणि नंतर हातात येणारी हिशोबपट्टी: वजन इतकं, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी. या कपातींवरून भांडणंही उघड होतात. 2024 च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्याच वादातून जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. रुपयाच्या अशा भागांवर बाजार बंद ठेवणारी माणसं घरी येऊन झाडाचा भाव मात्र एका आकड्यात ऐकतात आणि एका आकड्यातच घासाघीस करतात. दोन जणांनी एकाच झाडाचे भाव सांगितले, एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट, तर पहिला लुटारू ठरतो. पाचोळा कोण नेणार, बुडखा जमिनीसरशी कापणार की जेसीबीने उपटणार, तुकडे रस्त्यापर्यंत कोण ओढणार, हे विचारलं तर कित्येकदा दुप्पटवाला स्वस्त पडतो. आणि लाकडाचं म्हणाल तर गावात भुईकाट्यांची कमी नाही. कांद्याची ट्रॉली ज्या काट्यावर चढते त्यावर ओंडक्यांचीही चढते. वजनाची पावती घेऊन जळणाच्या भावाने रक्कम वळती करा म्हटलं, तर तोडणारा कुरकुरतो, पण नाही म्हणत नाही.

अमेरिकेत घर घेतलेली आपली मुलं झाड काढण्याचा तिकडचा भाव सांगतात तेव्हा इकडे सगळे तोंडात बोटं घालतात. त्या रकमेत क्रेन असते, फांद्यांचा भुगा करणारं यंत्र असतं, आणि विम्याचा हप्ता असतो; वर चढणारा पडला तर घरमालकावर काही येऊ नये म्हणून विम्याचा कागद आधी दाखवतात. आपला भाव स्वस्त आहे त्याचं एक कारण हा हप्ता त्यात नाही. मार्केट यार्डातल्या हमालासाठी 1969 चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, लेव्ही आहे. कटर घेऊन झाडावर चढणाऱ्याला यातलं काही नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला वीस रुपये आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण. तो तरी भरला आहे का, असं भाव करताना विचारलेलं मी ऐकलेलं नाही. शेजाऱ्याचा पत्रा फुटला तर भरपाई कोणाकडे, हे मात्र मशीन सुरू व्हायच्या आधी पक्कं झालेलं असतं.