रब्बीविना दिलेली साक्ष

इस्रायलमध्ये कायमचे जाऊ इच्छिणाऱ्या ज्यूच्या अर्जाला सहसा एक पत्र जोडावे लागते. अर्जदार ज्यू असल्याची साक्ष त्याच्या समाजाच्या रब्बीने, म्हणजे धर्मगुरूने, त्यात दिलेली असते. 5 जुलै 1950 रोजी संमत झालेल्या ‘परतीच्या कायद्या’ने ज्यूंना तेथे स्थायिक होण्याचा हक्क दिला. 1970 च्या दुरुस्तीनुसार ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेली किंवा ज्यू धर्म स्वीकारलेली, आणि अन्य धर्माची नसलेली व्यक्ती. आईचे ज्यूपण भारतातील सरकारी जन्मदाखला सिद्ध करत नाही. त्यासाठी समाजाच्याच दप्तराकडे वळावे लागते.

कोकणातून आलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलींपुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. त्यांच्यात रब्बीची परंपराच नव्हती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले, ही त्यांची पिढीजात कथा. तेलाचे घाणे चालवताना शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे ते ‘शनवार तेली’ ठरले. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे त्यांना गावांनी दिली. धर्मविधी काजी करत, पुढे प्रार्थना चालवणारे हजान करू लागले. समाजाचा कारभार मुकादम पाही. सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, उभारले. अशा सिनेगॉगांतील विवाहनोंदी आणि घरोघरी जपलेले ‘केतुबा’ हे विवाहकरार हाच वंशाचा लेखी आधार झाला.

हा आधार पुरेसा मानायचा का, यावर इस्रायलमध्ये मोठा संघर्ष झाला. देशात प्रवेश मिळाला, पण लग्ने अडली. 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात निघालेल्या सूचनांनुसार बेने इस्रायली वधूवरांच्या आई-आजीपासून शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करायची होती. जेरुसलेममध्ये समाजाने धरणे धरले. ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू असल्याची ग्वाही दिली आणि त्या सूचनांतून समाजाचे नाव वगळावे लागले.

दिल्लीत या रब्बीविना चालत आलेल्या परंपरेचे ठिकाण म्हणजे हुमायून रोडवरील ज्यूडा हायम सिनेगॉग. 1956 मध्ये उभी राहिलेली ही वास्तू लहान असून तिला लागूनच दफनभूमी आहे. येथेही पगारी रब्बी नाही. मूळचे पुण्याचे वकील इझिकेल आयझॅक माळेकर यांनी मानद सचिव म्हणून अनेक दशके प्रार्थना, विवाह आणि अंत्यविधी सांभाळले. सामूहिक प्रार्थनेला रूढीने दहा पुरुष लागतात. माळेकरांनी स्त्रियांनाही त्या गणनेत धरले. 29 जानेवारी 1992 रोजी भारत-इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले, दिल्लीत इस्रायलचा दूतावास आला आणि या छोट्या वास्तूकडे येणाऱ्यांची वर्दळ वाढली.

2011 च्या जनगणनेत भारतातील ज्यू पाच हजारांहून कमी होते. पत्रावरची सही रब्बीची असो वा मानद सचिवाची, तिच्यामागे नोंद असेल तरच तिला वजन येते. कोकणापासून दिल्लीपर्यंतच्या सिनेगॉगांतील जुन्या वह्या आणि घराघरांतले केतुबा म्हणूनच आज जपले पाहिजेत. ते गेले, तर पुढच्या पिढीसाठी साक्ष लिहायला आधार उरणार नाही.