आधी केबल काढा

केसरीवाड्याच्या नारायण पेठेत छापखाने कमी झाले, पण डीटीपीचं काम अजून चालतं. अशा एका दुकानातली मशिन्स जुनी आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि टीपीएम २.० नसल्यामुळे यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. म्हणून लिनक्स बघायचं ठरलं. मी शेजारी बसून होतो.

“कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. दुसऱ्या मशिनवर फाइल उघडून दाखव,” मालकांनी मुलाला आधी हेच काम लावलं. लेखकांची वर्षानुवर्षांची पुस्तकं त्या डिस्कवर आहेत. इतकी काळजी हवीच.

मग लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावला, एफ १२ दाबून त्यावरून मशिन सुरू केलं. हे सगळं रॅममध्ये चालतं. आपण होऊन काही लिहिलं नाही, तर डिस्कला धक्का लागत नाही. डेस्कटॉपवरच इन्स्टॉलचं चिन्ह असतं, त्याच्या वाटेला जायचं नाही. वायफाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड तपासले. लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरं नीट उमटली. मात्र श्रीलिपीतली जुनी फाइल उघडली, तर पानभर रोमन अक्षरांचा काला! या जुन्या फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की मराठी दिसतच नाही. पेजमेकर तर लिनक्ससाठी कधी निघालाच नाही.

“म्हणजे काका, विंडोज काढायचं नाही?”

“नाहीच. दोन्ही ठेवायची.”

त्यासाठी वेगळी एसएसडी आणली आणि मशिन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ या पर्यायापाशी घाईत भलतीच डिस्क निवडली जाते आणि सगळं जातं. जोडलेलीच नाही ती डिस्क पुसली कशी जाणार? शिवाय बूटलोडरही नव्या डिस्कवरच बसतो. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा नसेल, तर विभाजन करण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर उतरवावी आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं.

केबल परत जोडली. आता एफ १२ दाबून हवी ती सिस्टिम निवडता येते. विंडोजचं घड्याळ तेवढं साडेपाच तास मागे गेलं, कारण लिनक्स मशिनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्समध्ये timedatectl ही आज्ञा वापरून तेही जुळवलं.