छातीतली धडधड : वेग आवरावा की ताल सुधारावा?

खुरपताना, विटा वाहताना आपल्या मायबहिणींना धाप लागते, छातीत धडधडते. 'अशक्तपणा असेल' म्हणत दुखणे अंगावर काढले जाते. पण मनगटावरची नाडी कधी जलद, कधी संथ, कसलाच मेळ नसलेली लागत असेल तर ई.सी.जी. काढलाच पाहिजे. नांदेडला विष्णुपुरीचे व लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यांत आहे.

या आजाराला डॉक्टर 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. उपचाराच्या दोन वाटा आहेत. पहिली, ताल बिघडलेलाच राहू देऊन गोळ्यांनी ठोक्यांचा वेग आवरणे. दुसरी, औषधाने किंवा विजेच्या झटक्याने ताल पूर्ववत करणे. दुसरी ऐकायला बरी वाटते. परंतु अमेरिका-कॅनडातील 4,060 रुग्णांच्या अभ्यासात (2002) तिच्यामुळे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. ते रुग्ण बहुतेक वयस्क होते. आपल्याकडे लहानपणीच्या घसादुखीनंतर सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेले तरुण रुग्णही असतात. अशा 144 रुग्णांवरील मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात ताल टिकलेल्यांची श्रम करण्याची ताकद वाढली. म्हणून वय व झडप पाहून वाट डॉक्टरांनीच ठरवावी.

मात्र वाट कोणतीही असो, हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली की लकवा मारतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी ज्यांना दिली आहे, त्यांनी बरे वाटले तरी ती मनाने सोडू नये. अमेरिकेतल्या त्या अभ्यासातही लकवा मुख्यतः गोळी सोडलेल्यांना किंवा मात्रा अपुरी पडलेल्यांना झाला. झडपेच्या साडेचार हजारांवर रुग्णांत 2022 साली नवी, महाग गोळी जुनीशी ताडून पाहिली. जुनी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. आपल्याकडची ॲसिट्रॉम त्याच जुन्या जातीची.

तिची अट एकच : रक्ताची आय.एन.आर. तपासणी वेळेवर हवी. आकडा सहसा 2 ते 3 मध्ये राहावा. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. ऊसतोडीला गाव सुटले की नेमकी हीच तपासणी सुटते. निघण्यापूर्वी गोळ्या, कागद आणि तिकडे तपासणी कुठे होईल याची चौकशी, तिन्ही पदरात बांधून घ्या. दुखण्याची गोळी परस्पर घेऊ नका. दिवस गेल्याची शंका येताच डॉक्टरांना सांगा. घरात कमावता हात एकच असतो. लकव्याने तो लुळा पडला तर घर बसते.