अंगणातलं घर, चार बांबूंचं

'प्लेहाउस' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हिरवंगार लॉन आणि त्यावर लाल छपराचं, प्लॅस्टिकच्या खिडक्यांचं इटुकलं घर. कॉन्व्हेंटच्या इंग्रजी पुस्तकांत असलीच चित्रं असायची, त्यामुळे मला वाटायचं की ही चैन आपल्याकडची नाही. पण वऱ्हाडात जरा डोळे उघडे ठेवून फिरलं की कळतं, छोटं घर बांधायची हौस आपल्याकडे केव्हाचीच आहे.

भुलाबाईचंच बघा ना. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी घरात बसतात आणि कोजागिरीला त्यांच्यासाठी ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर उभा राहतो. तो मखर म्हणजे अगदी लहानसं 'स्ट्रक्चर'च! शेतात जागलीसाठी बांधलेलं मचाण आणि तुऱ्हाटी-पऱ्हाटीच्या कुडाची खोपडी तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी बघायला लोक ज्यावर बसतात, तेही मचाणच. हे सगळं बांधणाऱ्यांनी मेकॅनिक्सचा पेपर दिलेला नसतो, तरी त्यांचं बांधकाम टिकतं. का टिकतं, आणि आपल्याला एखाद्या अंगणवाडीच्या आवारात पोरांसाठी असं घर बांधायचं झालं तर काय काय बघावं लागेल, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी जागा

सावली हवी म्हणून आपण पहिल्यांदा मोठं झाड शोधतो. इथेच थांबा. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस गावी वादळी पावसात कडुलिंबाचं जुनं झाड देवस्थानाच्या टिनाच्या शेडवर कोसळलं. शेडमध्ये असलेल्या लोकांपैकी सात जणांचा जीव गेला. पाऊस आला की माणूस छपराखाली धावतो, आणि लहान मूल तर हमखास 'आपल्या' घरात शिरणार. म्हणून जुन्या, पोखरलेल्या झाडाखाली घर बांधायचंच नाही. झाडाची जेवढी उंची, निदान तेवढं अंतर सोडायचं. शिवाय वादळ-विजा सुरू झाल्या की मुलांनी पक्क्या इमारतीत जायचं, हा नियम बाईंनी पहिल्या दिवशीच शिकवायचा.

काळी माती

पूर्णेच्या खोऱ्यातली आपली काळी माती कपाशीला चांगली, पण बांधकामाला मोठी खोडकर. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मोठ्या इमारतीला अशा खोल काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल घालतात, तो किमान साडेतीन मीटर खाली नेतात. खेळघरासाठी एवढा खटाटोप कोण करणार? मग उलटा विचार करायचा. घर हलकं ठेवायचं आणि जमीन हलली तर त्यालाही थोडं हलू द्यायचं. वरची माती काढून मुरूम भरून ठोकायचा, त्यावर काँक्रीटचे चार ठोकळे बसवायचे आणि ठोकळ्यात रोवलेल्या लोखंडी पट्टीला बांबूचा पाय बोल्टने जोडायचा. पाय जमिनीपासून वर राहिला की वाळवी चटकन दिसते आणि बुडाला ओल लागत नाही. एखादा ठोकळा खचलाच तर खाली चिप घालून पातळी पुन्हा नीट करता येते.

सांगाडा आणि वारा

चार काठ्यांचा चौकोन करून कोपऱ्यात एकेकच खिळा मारा आणि बाजूने ढकला. चौकोन मुकाट्याने आडवा होतो. आपण फर्स्ट इयरला शिकतो की सांध्यांची दुप्पट वजा तीन, एवढे मेंबर हवेत. चार सांध्यांना पाच लागतात, आपल्याकडे असतात चार. पाचवा मेंबर म्हणजे तिरकी काठी. मचाणाच्या पायांना शेतकरी जी तिरकी बल्ली बांधतो ना, ती हीच बरं का! चारपैकी तीन बाजूंना तिरक्या काठ्या द्या आणि चौथी बाजू दारासाठी मोकळी ठेवा.

आता वारा. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. ०.६ गुणिले वेगाचा वर्ग केला की चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन दाब निघतो, म्हणजे ११८ किलो वजनाइतका. दोन बाय दोन मीटरचं छप्पर धरलं तर हा आकडा ४७० किलोवर जातो. उंची, आकार, बांधकामाचं आयुष्य यांचे गुणक लावून तो निम्मा झाला, तरी वर उचलणारा जोर सव्वादोनशे किलोच्या पुढेच राहतो. आणि टिनाचं स्वतःचं वजन किती? वीस-पंचवीस किलो! अवकाळी पावसात टिना का उडतात आणि लोक त्यांवर दगड का ठेवतात, ते इथे कळतं. पण मुलांच्या डोक्यावर दगड ठेवायचे नाहीत. छप्पर वाशांना, वासे खांबांना आणि खांब ठोकळ्यांना अशी बांधणीची साखळी सलग पाहिजे. ठोकळ्यांचं वजनही त्या हिशेबाने धरायचं.

बांबूची निवड

आपल्या भागात मानवेल बांबू मिळतो. तो जवळजवळ भरीव असतो, म्हणून खांबाला उत्तम. किमान तीन वर्षांचा घ्यावा. कोवळा बांबू वाळताना सुरकुततो. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करतात, कारण तेव्हा त्यात स्टार्च कमी असतो. भुंगेरा येतो तो या स्टार्चसाठीच, आणि मग बांबूतून पीठ गळायला लागतं. जुनी माणसं बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची, त्यामागेही स्टार्च धुऊन काढणं हेच कारण. आता बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स १ : १.५ प्रमाणात पाण्यात विरघळवून, पेरं आतून भोसकून, बांबू त्यात भिजवतात. हे काम हातमोजे घालून मोठ्यांनी करायचं. हे मीठ पावसात धुपतं, म्हणून छपराच्या वळचणी चांगल्या रुंद ठेवायच्या.

बांबूला खिळा मारू नका, तो उभा फाटतो. ड्रिलने भोक पाडून बोल्ट घाला, तोही पेराच्या गाठीजवळ. आणि बुरडांना विचारल्याशिवाय काम सुरू करू नका, त्यांच्या हाताला जे कळतं ते आपल्या वर्कशॉपमध्ये शिकवत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी 'संपूर्ण बांबू केंद्र' उभं केलं. स्थानिक कारागिरांच्या हाताला त्यातून काम मिळालं. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले, पण बांबू म्हणजे 'गरिबाचं लाकूड' एवढंच नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

ऊन आणि मुलं

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. नुसत्या टिनाखाली पोरं अक्षरशः भाजतील. टिनाला वरून चुना मारा, खाली चार बोटं अंतर सोडून बांबूचा तट्टा लावा आणि वरच्या बाजूला गरम हवा जायला फट ठेवा. भिंती तुऱ्हाटीच्या कुडाच्या केल्या तर वारा खेळता राहतो.

मोजमाप मुलांचं घ्यायचं, आपलं नाही. ओटा दोन फुटांपेक्षा उंच नको. कठड्याच्या गजांमधली फट ९ सेंटीमीटरपेक्षा कमी तरी हवी किंवा २३ पेक्षा जास्त तरी. मधल्या मापाच्या फटीत मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं, त्यात गुदमरण्याचा धोका असतो. बांबूची तोंडं घासून गुळगुळीत करा, बोल्टची टोकं झाका.

आणि कल्पना?

ती मुलांवर सोडा. सोरेनसन नावाच्या डॅनिश वास्तुकाराच्या लक्षात आलं होतं की मुलांना तयार बगिच्यापेक्षा बांधकामाची जागा आणि भंगार जास्त आवडतं. त्यातून १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, कोपनहेगनच्या एमड्रप भागात मुलांनी स्वतः बांधायचं-मोडायचं मैदान सुरू झालं. म्हणून सांगाडा आपण पक्का करायचा आणि भिंतीची एक बाजू मोकळी ठेवायची. तिथे मुलं आज धांड्यांची खिडकी लावतील, उद्या जुन्या लुगड्याचा पडदा. तेच घर सोमवारी दुकान होईल आणि मंगळवारी एसटी!

रासेयोच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ता झाडतो, शोषखड्डे खणतो. यंदा त्यातले चार दिवस एका अंगणवाडीला द्यायचे का? सिव्हिलवाले पाया बघतील, मेकॅनिकलवाले सांधे, आणि कॉम्प्युटरवाल्यांनो, तट्टा विणायला तुम्हीही चालाल. दरवर्षी पावसाळ्याआधी जाऊन बोल्ट आवळून यायचे, एवढं मात्र कबूल करूनच नाव द्या.