अर्धा पत्ता, पुरा पत्ता

वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात कितीतरी आहेत. तालुक्याच्या बाजारात एखाद्याने ‘वडगावला निघालो’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला दुसरा प्रश्न पडत नाही. परंतु हेच एक नाव पाकिटावर लिहून ते इंदूरच्या किंवा सुरतेच्या टपालपेटीत टाकले, तर ते कोठे पोहोचेल हे सांगणे कठीण. एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांमुळे होणारा घोटाळा टळावा म्हणून टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू केला. त्याची आखणी करणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतातील कवीही होते.

जवळच्या माणसाला अर्धा पत्ता पुरतो. दूरच्याला पुरा द्यावा लागतो. इंटरनेटवरील पानांच्या बाबतीतही हेच घडते. तेथे पुऱ्या पत्त्याला निरपेक्ष पत्ता व अर्ध्या पत्त्याला सापेक्ष पत्ता असे म्हणता येईल.

समजा, एका कल्पित संकेतस्थळावरील पानाचा पत्ता असा आहे : एचटीटीपीएस://उदाहरण.भारत/मराठी/गद्य/पाठ४. (यातील पहिला शब्द प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच लिहावा लागतो.) पहिला शब्द माहितीची ने-आण कोणत्या पद्धतीने करायची ते सांगतो, ‘उदाहरण.भारत’ हे संकेतस्थळाचे नाव होय, आणि त्यापुढचा भाग म्हणजे त्या स्थळातील वाट. मध्ये दोन तिरक्या रेघा आहेत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ साली मोकळेपणाने सांगितले, की या दोन रेघांची वास्तविक गरज नव्हती. तोवर जगाने त्या असंख्य वेळा लिहून झाल्या होत्या!

आता या पानावर ‘पुढील पाठ’ असा दुवा आहे. पान तयार करणाऱ्याने त्या दुव्यामागे एवढा मोठा पत्ता न लिहिता केवळ ‘पाठ५’ असे लिहिले आहे. यात आळस नाही, सोय आहे. उद्या सर्व पाठ दुसऱ्या संकेतस्थळावर हलवावे लागले, तरी त्यांची आपसांतील मांडणी तीच राहते, म्हणून एकही दुवा बदलावा लागत नाही.

मात्र ‘पाठ५’ एवढ्या शब्दावरून कोणतेही पान मागवता येत नाही. तो पुरा करण्याचे काम ब्राउझर करतो, आणि तेही मागणी बाहेर पाठवण्यापूर्वी, वाचकाच्याच यंत्रात. त्यासाठी ब्राउझर उघड्या असलेल्या पानाचा पत्ता पायाभूत धरतो, त्यातील शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा भाग गाळतो आणि उरलेल्या भागाला नवा शब्द जोडतो. ‘पाठ४’ गळून त्या जागी ‘पाठ५’ येतो. ‘चित्रे/नदी’ असे लिहिले असेल, तर वाट ‘/मराठी/गद्य/चित्रे/नदी’ अशी होते.

कधी एक पायरी मागे जावे लागते. त्यासाठी लागोपाठ दोन टिंबे लिहितात. ‘../पद्य/पाठ१’ असे दिसले, की ‘पाठ४’ तर गळतोच, शिवाय ‘गद्य’ही गळते आणि वाट ‘/मराठी/पद्य/पाठ१’ अशी ठरते. ही टिंबांची खूण युनिक्स या संगणकप्रणालीतील फाइलींच्या मांडणीतून आलेली आहे. पायऱ्या संपल्यावरही कोणी टिंबे लिहिलीच, तर ब्राउझर संकेतस्थळाच्या दारातच थांबतो. दाराबाहेर जात नाही. याउलट पत्त्याच्या आरंभीच तिरकी रेघ असेल, उदाहरणार्थ ‘/प्रवेश/अर्ज’, तर वाचक कोणत्याही पानावर असो, मोजणी दारापासून नव्याने सुरू होते.

या नियमांची पहिली स्वतंत्र मांडणी रॉय फील्डिंग यांनी जून १९९५ मध्ये केली, आणि जानेवारी २००५ मध्ये ती पत्त्यांविषयीच्या व्यापक मानकात समाविष्ट झाली.

यातील सर्वांत फसवी जागा म्हणजे पत्त्याच्या शेवटची रेघ. ‘/मराठी/गद्य’ आणि ‘/मराठी/गद्य/’ हे दोन पत्ते डोळ्यांना जवळजवळ सारखेच वाटतात. ब्राउझरला ते तसे वाटत नाहीत. पहिल्यात ‘गद्य’ हे पानाचे नाव ठरते, म्हणून ते गळते आणि ‘पाठ५’ची वाट ‘/मराठी/पाठ५’ होते. दुसऱ्यात शेवटच्या रेघेनंतर काहीच नसल्याने काही गळत नाही. वाट ‘/मराठी/गद्य/पाठ५’ होते. एका रेघेच्या अभावी पानावरील सारे दुवे चुकीच्या दिशेला वळतात. यामुळेच पुष्कळसे सर्व्हर रेघ नसलेला पत्ता मागितला असता ब्राउझरला रेघ असलेल्या पत्त्याकडे धाडतात.

दुसरा एक प्रसंग विद्यार्थ्यांच्या वाट्याला हमखास येतो. सायबर कॅफेत प्रवेशाची माहिती वाचली, पानाचा केवळ मूळ मजकूर पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि घरी येऊन उघडला. मजकूर दिसतो, चित्रे मात्र गायब, आणि ‘अर्ज येथे भरा’ हा दुवा उघडतच नाही. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार असेल, तर जिवाची घालमेल होते. संकेतस्थळ बंद पडले, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तेथे सर्व ठीक असते. पान आता पेनड्राइव्हवरून उघडलेले असल्यामुळे ब्राउझरने पायाभूत पत्ता म्हणून पेनड्राइव्हच धरला आणि अर्जाचा शोध तेथे घेतला. दुव्यातील एकही अक्षर बदललेले नसते. बदललेली असते ती तो वाचण्याची जागा.

पान तयार करणाऱ्याला यावर एक उपाय करता येतो. पानाच्या आरंभी ‘बेस’ नावाची खूण लिहून तीत निरपेक्ष पत्ता दिला, की पान कोठूनही उघडले तरी ब्राउझर सापेक्ष पत्ते त्याच्याच आधारे पुरे करतो. वाचकाच्या हाती असलेला उपाय याहून सोपा आहे. संगणकावर माउसचा बाण दुव्यावर नुसता नेला, तरी बहुतेक ब्राउझर खिडकीच्या तळाशी पुरा केलेला पत्ता दाखवतात. उजवी कळ दाबून दुव्याचा पत्ता उतरवून घेतला, तरी मिळतो तो निरपेक्ष पत्ताच. अर्जाचा दुवा परगावच्या भावाला पाठवायचा असेल, तर तोच पाठवावा. तो सुरतेत उघडला काय आणि वडगावात उघडला काय, अर्ज तोच समोर येतो.